सोय विकत घेतली, अपडेटने काढून नेली

२८ मार्च २०१० रोजी सोनीने प्लेस्टेशन ३ या आपल्या गेम कन्सोलच्या मालकांना एक सूचना दिली. १ एप्रिलला ३.२१ क्रमांकाचं अपडेट येणार होतं आणि ते टाकल्यावर या यंत्रात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखं यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, बसवायची सोय बंद होणार होती. ज्यांनी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली होती त्यांनी आपला डेटा आधी काढून घ्यावा, असंही त्यात होतं. अपडेटची सक्ती नव्हती. मात्र ते न घेणाऱ्याला प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेवर लॉगइन करता येणार नव्हतं, ऑनलाइन खेळता येणार नव्हतं, आणि ज्या नव्या खेळांना किंवा ब्लू-रे डिस्कना ३.२१ लागेल त्याही चालणार नव्हत्या. दोन्ही वाटांनी मालकाचं काहीतरी जाणारच होतं, आणि पैसे त्याने दोन्हीचे मोजले होते.

प्रसंग जुना आहे. पण आज आपल्या घरातल्या टीव्ही, फोन, प्रिंटर, राउटर, स्पीकर यांच्या बाबतीत काय होऊ शकतं, हे समजायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. कंपनीने सोय दिली, लोकांनी तिच्या भरवशावर कामं उभी केली, मग कंपनीने ती काढून घेतली आणि पुढे कोर्टात आठ वर्षं गेली. या प्रकरणात जरा खोलात जाऊच. त्याआधी यंत्राच्या आत काय चालतं ते पाहू.

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूत तिला काय करायचं ते सांगणारा एक प्रोग्राम असतो. वस्तूच्या आतल्याच चिपमध्ये मुक्काम असलेल्या या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. वॉशिंग मशीनमध्ये ते असतं, सेट-टॉप बॉक्समध्ये असतं, इअरबड्समध्येही असतं. बटण दाबल्यावर काय व्हायचं हे तेच ठरवतं. त्यामुळे सगळे सुटे भाग जागच्या जागी असूनही नुसतं फर्मवेअर बदललं की वस्तू वेगळी वागायला लागते. काही काढून न्यायला कोणाला तुमच्या घरी यावं लागत नाही.

घरच्या डेस्कटॉपवर विंडोज नको असेल तर ते पुसून लिनक्स टाकता येतं. गेम कन्सोल, टीव्ही आणि बरेचसे फोन तसं करू देत नाहीत. यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालतो. तो पुढच्या प्रोग्रामवरची डिजिटल सही तपासतो. सही करायची गुप्त किल्ली फक्त कंपनीकडे असते, आणि यंत्रात असते ती सही पडताळायची उघड किल्ली. सीलबंद पाकिटावरची लाखेची मोहोर खरी की खोटी हे कोणालाही पाहता येतं, पण मोहोर उमटवायचा शिक्का एकाच्याच ताब्यात असतो, तसंच हे. सही जुळली तर यंत्र पुढे सरकतं, नाहीतर तिथेच थांबतं.

या कुलपाचा फायदा खरा आहे. एखादा व्हायरस फर्मवेअरमध्ये घुसून कायमचा मुक्काम ठोकू शकत नाही. चोरलेल्या फोनवर दुसरं सॉफ्टवेअर चढवून विकणं अवघड होतं. पण हे कुलूप चोर आणि मालक यांच्यात फरक करत नाही. बाहेर राहतात ते दोघंही, आणि आत जायची मुभा फक्त ज्याने वस्तू विकली त्याला.

त्यात भर म्हणजे परतीची वाट बंद असते. नव्या फर्मवेअरमध्ये काही बिघडलं तर जुनं परत टाकावं, असं कोणालाही सुचेल. जुन्या फर्मवेअरवरही कंपनीचीच सही असते, मग अडचण कसली? अडचण अशी की बरीच यंत्रं आवृत्तीचा आकडा जपून ठेवतात आणि त्याच्या मागची आवृत्ती नाकारतात. निन्टेंडो स्विचमध्ये तर ठरावीक अपडेटांच्या वेळी प्रोसेसरमधले अतिसूक्ष्म फ्यूज खरोखर जाळले जातात. जळालेले फ्यूज अपेक्षेपेक्षा जास्त दिसले की जुनी आवृत्ती सुरूच होत नाही. एक्सबॉक्स ३६०मध्येही हीच युक्ती वापरली होती. जळालेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही. यामागेही सुरक्षेचं कारण आहे, कारण सुरक्षेत भोक असलेली जुनी आवृत्ती मुद्दाम चढवून हल्ला करता येतो. पण ज्या अपडेटने भोक बुजवलं त्याच अपडेटने तुमची एखादी सोय काढली असेल, तर तीही त्या फ्यूजबरोबर गेली.

तिसरी गोष्ट सर्व्हरची. हल्ली निम्मं काम यंत्रात होतं आणि निम्मं कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हणतो, नवी आवृत्ती असेल तरच बोलेन. त्यामुळे 'अपडेट नको' हे बटण दिसतं, पण ते दाबण्याची किंमत इतकी असते की बहुतेकांना ती परवडत नाही. कुलूप, एकेरी वाट आणि सर्व्हरचा दाब हे तिन्ही एकत्र आले की विक्री झाल्यानंतरही वस्तूवर विकणाऱ्याचा हात राहतो. माझा आक्षेप या एकत्र येण्याला आहे.

आता प्लेस्टेशन ३कडे येऊ. नोव्हेंबर २००६मध्ये हे यंत्र बाजारात आलं तेव्हा त्याच्या मेनूमध्येच 'दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवा' असा पर्याय होता. कोणी चोरून शोधलेली ही पळवाट नव्हती, सोनीनेच दिलेली सोय होती. यलो डॉग लिनक्सची खास या यंत्रासाठीची आवृत्तीही निघाली. आत सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून बनवलेला सेल प्रोसेसर होता आणि आकडेमोडीत तो त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरांना फार मागे टाकत असे. कन्सोल कंपन्या यंत्र स्वस्तात देऊन खेळांवर पैसे कमावतात, त्यामुळे एवढी ताकद एवढ्या किमतीत दुसरीकडे मिळतच नव्हती.

शास्त्रज्ञांनी ते लगेच हेरलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ इथल्या शाखेत गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञाने २००७मध्ये प्लेस्टेशन ३ एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवायला घेतली. सोनीने त्यातली काही यंत्रं त्यांना देणगी म्हणून दिली होती. अमेरिकी हवाई दलाने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम इथे सतराशेहून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून काँडॉर नावाचा महासंगणक उभा केला. घरी शिकणारे विद्यार्थी, हौशी प्रोग्रामर आणि त्याच यंत्रावर ईमेल लिहिणारी माणसं होती ती वेगळीच.

ऑगस्ट २००९मध्ये प्लेस्टेशन ३चं सडपातळ मॉडेल जाहीर झालं, त्यात ही सोय नव्हती. त्याला माझा आक्षेप नाही. नव्या मॉडेलमध्ये काय द्यायचं हा कंपनीचा प्रश्न आहे, आणि गिऱ्हाईक वाचून, विचारून घेतं. प्रश्न होता आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांचा. जानेवारी २०१०मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुण हॅकरने जाहीर केलं की लिनक्सच्या वाटेने शिरून, वर सर्किटला नेमक्या क्षणी विजेचा झटका देऊन त्याने यंत्राच्या मेमरीचं कुलूप उघडलं आहे. खेळांची चोरी सुरू होईल ही सोनीची भीती निराधार नव्हती. पण उपाय काय केला, तर झटक्यापासून बचाव शोधण्याऐवजी सगळ्याच मालकांच्या यंत्रातला लिनक्सचा दरवाजा भिंत घालून बंद केला.

हवाई दलाची यंत्रं प्लेस्टेशन नेटवर्कला जोडलेली नव्हती, म्हणून ती चालत राहिली. पण त्यांनाही वेगळा घोर लागला, कारण दुरुस्तीला गेलेलं किंवा बदलून मिळालेलं यंत्र नव्या फर्मवेअरचं असलं तर त्या जाळ्यात ते निरुपयोगी. अपडेटला नकार दिला की प्रश्न मिटला असं वाटतं, पण वस्तू नादुरुस्त झाली की तो नकार संपतो. हा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

कुलूप तरी टिकलं का? डिसेंबर २०१०मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लो नावाच्या गटाने प्लेस्टेशन ३ची सहीची पद्धतच मोडून दाखवली. अशी सही करताना दर वेळी नवा, कोणालाही ओळखता न येणारा आकडा वापरायचा असतो. सोनीने तोच आकडा पुन्हा पुन्हा वापरला होता. तसं केलं की दोन सह्या शेजारी ठेवून शाळेतल्या बीजगणिताच्या धर्तीवर दोन समीकरणं मांडता येतात आणि त्यांतून गुप्त किल्लीच निघते. लिनक्सची सोय होती तोवर हुशार लोकांना हे यंत्र फोडायचं कारण नव्हतं, ती काढल्यावर ते कामाला लागले, असं या गटाचं म्हणणं होतं. सोय काढल्यापासून नऊ महिन्यांत सुरक्षा पार कोलमडली होती.

दरम्यान ग्राहक कॅलिफोर्नियातल्या कोर्टात गेले होते. खालच्या कोर्टाने २०११मध्ये दावा फेटाळला. अपडेटमुळे काही सोयी जाऊ शकतात, असं परवान्याच्या मजकुरात लिहिलेलं होतं. २०१४मध्ये वरच्या कोर्टाने दाव्याचा काही भाग पुन्हा उभा केला. २०१६मध्ये तडजोड ठरली, तीत लिनक्स वापरणाऱ्यांना ५५ डॉलर आणि बाकीच्यांना ९ डॉलर मिळणार होते. न्यायाधीशांनी ती नाकारली. अखेर ३७.५ लाख डॉलरच्या निधीतून प्रत्येकी जास्तीत जास्त ६५ डॉलर, अशी तडजोड २०१८मध्ये मंजूर झाली. सुरुवातीला यंत्राची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. सोय परत कोणालाच मिळाली नाही.

यापेक्षा एक छोटी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एप्रिल २०१०मध्येच युरोपातल्या एका ग्राहकाने अ‍ॅमेझॉनच्या ब्रिटिश शाखेला कळवलं की घेतलेली वस्तू आता जाहिरातीप्रमाणे राहिलेली नाही, आणि ग्राहकविषयक युरोपीय नियमाचा हवाला दिला. त्याला किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका परतावा मिळाला, कोर्टाची पायरी न चढता.

कंपन्या सोयी काढतात त्यामागे कारणं वेगवेगळी असतात आणि ती वेगळी करून पाहायला हवीत. कधी पेटंटचा खटला असतो. जानेवारी २०२२मध्ये सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे गूगलविरुद्ध निकाल मिळवला आणि गूगलने लोकांच्या घरातल्या नेस्ट स्पीकरांमधून सगळ्यांचा आवाज एकदम कमी-जास्त करायची सोय काढली. भांडण दोन कंपन्यांचं, नुकसान गिऱ्हाइकाचं. कधी धंद्याची नवी गरज असते. २८ मार्च २०२५पासून अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या इको या आपल्या आवाजावर चालणाऱ्या स्पीकरांपैकी काहींवरचा, आवाजाचं रेकॉर्डिंग बाहेर न पाठवण्याचा पर्याय बंद केला. खाजगीपणासाठी तेच मॉडेल निवडणाऱ्याला त्याबद्दल काय मिळालं?

आणि कधी कारण सरळ पैशाचं असतं. त्यात प्रिंटर पहिला. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी एकाच दिवशी दुसऱ्या कंपन्यांची शाईची कार्ट्रिज नाकारली. आदल्या दिवसापर्यंत तीच कार्ट्रिज चालत होती. बदल फर्मवेअरमध्ये आधीच येऊन बसला होता, फक्त तारीख उजाडायची होती. ओरड झाल्यावर कंपनीने पंधरवड्यात दिलगिरी व्यक्त केली आणि ते बंधन काढणारं फर्मवेअर दिलं, पण ज्याला हवं त्याने स्वतः शोधून टाकायचं. पुढे डिसेंबर २०२०मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने प्रिंटरवरच्या अशा बंधनांची नीट माहिती न दिल्याबद्दल एचपीला १ कोटी युरोचा दंड केला.

आपल्याकडे हा फटका कुठे बसतो ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या भागात एका ताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाऱ्याच्या प्रती, शाळेचे फॉर्म, आधारच्या रंगीत प्रिंट, यांवर त्यांचं घर चालतं. कार्ट्रिज रिफिल करून घेतल्याशिवाय दोन-पाच रुपयांच्या प्रिंटमध्ये काही सुटत नाही. एका सकाळी प्रिंटरच्या पडद्यावर कार्ट्रिज मान्य नसल्याचा संदेश आला. बाहेर अ‍ॅडमिशनच्या फॉर्मसाठी पोरं उभी. ताई कार्ट्रिज काढतायत, चिपवरून कापूस फिरवतायत, परत बसवतायत. कार्ट्रिजला काहीही झालेलं नव्हतं. रात्री वायफायवरून अपडेट उतरलं होतं आणि ते टाकायला त्यांनी कुठेही होय म्हटलेलं नव्हतं. प्रिंटर बसवायला आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी 'आपोआप अपडेट' चालू करून ठेवलं होतं. शेवटी त्यांनी कंपनीचं नवं कार्ट्रिज घेतलं आणि त्यांची त्या आठवड्याची कमाई त्यातच गेली.

कधी मात्र कारण खरंच सुरक्षेचं असतं. गूगलच्या पिक्सेल ४ए फोनचा, जो भारतातही विकला गेला, सपोर्ट २०२३मध्ये संपला होता. जानेवारी २०२५मध्ये त्यावर अचानक एक अपडेट आपोआप आलं आणि काही फोनांची बॅटरी पूर्वीपेक्षा बरीच कमी चार्ज व्हायला लागली. बॅटरी तापण्याचा धोका असेल तर चार्जिंग आवरणं बरोबरच आहे, कोणाच्या खिशात पेट घेण्यापेक्षा ते कधीही चांगलं. गूगलने बॅटरी बदलून देण्याचा किंवा भरपाईचा पर्यायही ठेवला. खटकतं ते इतकंच की कारण सुरुवातीला गोलगोल शब्दांत सांगितलं गेलं आणि दिवसभर चालणारा फोन दुपारी का मान टाकतोय, हे लोकांना स्वतः शोधावं लागलं.

हे सगळं वाचून कोणी सरसकट अपडेट बंद करून ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. २०१८च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, उघडकीस आलं, तेव्हा ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणं त्याच्या ताब्यात गेली होती, आणि त्यांतल्या कित्येकांतली भोकं आधीपासून माहीत असलेली होती. राउटर आणि फोन यांचं सुरक्षा अपडेट टाळणं म्हणजे बँकेचा व्यवहार उघड्यावर करणं. कंपन्या भोक बुजवणं आणि सोय काढणं एकाच गठ्ठ्यात बांधतात, आणि लोकांचा अपडेटवरचा विश्वास उडतो तो त्यामुळे. ज्याचा एकदा प्रिंटर अडला तो पुढच्या वेळी फोनचंही अपडेट लांबवतो. म्हणून सुरक्षेचं अपडेट वेगळं आणि सोयींचं वेगळं मिळालं पाहिजे, सोय जाणार असेल तर ते आधी ठळक सांगितलं पाहिजे, आणि मागे फिरायची वाट किंवा पैसे परत, यांतलं एक मिळालं पाहिजे.

या मागणीत स्वप्नरंजन काही नाही. युरोपीय संघाच्या २०१९च्या एका निर्देशात अ‍ॅप आणि ऑनलाइन सेवांसाठी जवळपास हेच लिहिलं आहे. करारात वैध कारण दिलेलं हवं, बदलाचा खर्च ग्राहकावर पडता कामा नये, त्याला स्पष्ट कळवलं पाहिजे, आणि बदलामुळे लक्षणीय तोटा होत असेल तर ३० दिवसांत करार मोडायचा हक्क हवा. जुनं रूप तसंच वापरायची मुभा कंपनीने दिली तर गोष्ट वेगळी. वस्तूच्या आतल्या फर्मवेअरला हे कलम जसंच्या तसं लागत नाही. ते लागायला हवं, युरोपातही आणि आपल्याकडेही.

भारतात अपडेटने काढलेल्या सोयीसाठी वेगळा कायदा नाही, पण आपण अगदीच निःशस्त्र नाही. कॉपीराइट कायद्यातलं ६५अ हे कलम डिजिटल कुलूप तोडण्याला गुन्हा म्हणतं ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी तोडलं तर त्यात सूट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये सदोष वस्तू, फसवी जाहिरात आणि अन्यायकारक करार या तिन्हींची व्याख्या आहे. यातल्या अन्यायकारक कराराची तक्रार ग्राहकांच्या जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात करावी लागते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही, असं दुकानदारांना सांगून परत पाठवलं जातं, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या अपवादातून वगळली आहे. वर सांगितलेल्या ताईंसारख्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्यासाठी पुरावा आधीपासून जपावा लागतो. वस्तू घेतली त्याच दिवशी खोक्यावरच्या आणि विक्रीच्या पानावरच्या सोयींचे फोटो काढून बिलासोबत ठेवा. प्रिंटर, टीव्ही, स्पीकर यांच्या सेटिंगमध्ये 'आपोआप अपडेट'ऐवजी 'विचारून करा' असा पर्याय असेल तर तो निवडा, आणि अपडेटसोबत काय बदललं त्याची यादी येते ती वाचा. सोय गेलीच तर आधीची आणि नंतरची आवृत्ती, तारीख आणि पडद्यावरचा संदेश यांचे फोटो घ्या. मग विक्रेता आणि कंपनी दोघांनाही लेखी कळवा: अमुक सोय जाहिरातीत होती, अमुक तारखेच्या अपडेटनंतर ती नाही, ती परत द्या किंवा तेवढे पैसे परत करा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही काम झालं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, आणि मुदत सोय गेल्यापासून दोन वर्षांची आहे.